दात हाडातून सरकतो कसा, आणि त्याला घाई का चालत नाही

ब्रेसेस लावलेल्या कुणालाही विचारा, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्याने डॉक्टरांना एकदा तरी म्हटलेलं असतं, "जरा जास्त टाइट करा ना, लवकर आटपेल." मी पण म्हटलं होतं. तिशीला टेकल्यावर तारा लावून घेतल्या होत्या, ऑफिसात सगळे बघायचे, त्यामुळे कधी एकदा निघतात असं झालेलं. आमच्या डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "जास्त ओढलं तर उलट उशिरा सरकेल." मला वाटलं वेळ मारून नेतायत. मग घरी येऊन वाचायला बसलो आणि त्या वाचनात जो अडकलो तो तारा निघाल्यावरही सुटलो नाही. बाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं, आणि ते का खरं आहे हे एकदा कळलं की ब्रेसेस, अलाइनर (तारांऐवजी घालायची पारदर्शक कवचं), रिटेनर (तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं उपकरण), वेग वाढवणारी यंत्रं या सगळ्याचा उलगडा आपोआप होत जातो, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचं मूळ आणि आजूबाजूचं हाड यांच्या मधे एक फट असते, साधारण पाव मिलिमीटरची, आणि त्या फटीत बारीक तंतूंचं जाळं, रक्तवाहिन्या, नसा, पेशी आणि पाण्यासारखा द्रव असं सगळं दाटीवाटीने भरलेलं असतं. याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात, आपण नुसतं लिगामेंट म्हणू. म्हणजे दात झोळीत ठेवल्यासारखा या तंतूंवर टांगलेला आहे. आणि दात सरकण्याचा सगळा खेळ या पाव मिलिमीटरमधे चालतो. याचा पुरावा पाहिजे असेल तर डेंटल इम्प्लांट बघा. त्याला हे लिगामेंट नसतं, धातू थेट हाडाला चिकटलेला असतो, मग त्याला वर्षभर तार लावून ओढत बसलात तरी तो जागचा हलणार नाही. लहानपणी मार लागून ज्यांचा दात हाडाला चिकटून बसलाय त्यांचंही तसंच होतं, बाकीचे दात त्याच्याकडे सरकतील पण तो नाही.

आता एक गंमत. आपण काही कडक चावतो तेव्हा दातावर कित्येक किलोचा जोर येतो, फार कडक असेल तर ५० किलोपर्यंतही जाऊ शकतो, आणि दात वाकडे होत नाहीत. उलट ब्रेसेसची तार ५०-६० ग्रॅमने ढकलते आणि दात निमूटपणे निघतो. असं का? कारण चावणं एका सेकंदाच्या आत संपतं, आणि तेवढ्या वेळात लिगामेंटमधला द्रव बाहेर पडत नाही, तो गादीसारखा जोर झेलतो आणि हाड स्वतः किंचित वाकतं. पण तोच जोर काही सेकंद टिकला की द्रव बाजूला सरकतो आणि तंतू-पेशी खरोखर दाबल्या जातात, म्हणून कडक वस्तू दाताखाली धरून ठेवली की तीन-चार सेकंदांत दुखायला लागतं. सरकायचं की नाही हे ठरवताना दाताला जोराशी फारसं देणंघेणं नाही, त्याला मतलब आहे तो जोर किती वेळ टिकला याच्याशी. जीभ आणि ओठ दिवसभर नुसते टेकून असतात, दाब अगदी थोडा, पण तो तासन् तास असतो, म्हणून त्यांचा दातांच्या जागेवर परिणाम होतो. अंगठा चोखणाऱ्या मुलांचे दात पुढे येतात ते पण यामुळेच, रोज किती तास अंगठा तोंडात असतो यावर बरंच ठरतं.

मग तार लावली की आत काय होतं? समजा दात डावीकडे ढकललाय. डावीकडचं लिगामेंट दाबलं जातं, उजवीकडचं ताणलं जातं. काही मिनिटांत तिथला रक्तप्रवाह बदलतो, काही तासांत पेशी रासायनिक निरोप सोडायला लागतात, साधारण चार तासांनी ते निरोप मोजता येण्याइतके वाढलेले असतात, म्हणूनच रोज दोन-तीन तास घालायची कुठलीही क्लिप दात सरकवत नाही, पाच-सहा तास तरी सलग लागतात. या निरोपांमुळे दोन प्रकारचे कामगार हजर होतात. दाबलेल्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी, त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, आणि ताणलेल्या बाजूला नवीन हाड रचणाऱ्या, त्या ऑस्टिओब्लास्ट. म्हणजे एका बाजूची भिंत पाडायची, मागे दुसरी बांधायची आणि दात अख्खा त्या खोलीसकट पुढे न्यायचा! दात हाडातून आरपार जात नाही, हाड त्याला वाट करून देतं आणि मागची वाट बुजवत येतं. हलका जोर असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हे काम सुरू होतं.

आणि इथेच माझ्या त्या टाइट करा वाल्या प्रश्नाचं उत्तर आहे. जोर वाढवला तर दाबलेल्या बाजूच्या रक्तवाहिन्या पूर्ण बंद होतात. रक्त नाही म्हणजे तिथल्या पेशी मरतात. भिंत पाडायला ज्यांना यायचं होतं त्यांचा रस्ताच आपण चेंगरून टाकला. सूक्ष्मदर्शकाखाली तो भाग काचेसारखा दिसतो, पेशी नसलेला, म्हणून त्याला हायलिनायझेशन म्हणतात. मग शरीर दुसरा मार्ग काढतं. हाडाच्या आतल्या पोकळ्यांमधून, मागच्या दाराने, हाड विरघळवणाऱ्या पेशी येतात आणि भिंत पलीकडून पोखरायला सुरुवात करतात. ती पोखरून इकडे उघडेपर्यंत एक ते दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, दात ढिम्म हलत नाही. नंतर एकदम सरकतो. म्हणजे दुखणं जास्त, वाट बघणं जास्त, आणि मुळाला इजा व्हायची भीती वेगळी. खरं सांगायचं तर हलक्या तारेतही थोडंफार हायलिनायझेशन होतंच, ते शून्यावर आणणं कुणाला जमलेलं नाही, प्रश्न फक्त किती कमी ठेवता येतं एवढाच आहे.

ही गोष्ट आजची नाहीये बरं का. स्वीडनचे कार्ल सँडस्टेड यांनी १९०४-०५ च्या सुमारास कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे काचेसारखे भाग आणि पलीकडून पोखरणं दोन्ही लिहून ठेवलं होतं. १९३२ साली ऑस्ट्रियाच्या श्वार्झ यांनी त्याला आकडा लावायचा प्रयत्न केला, की मुळाच्या दर चौरस सेंटीमीटरला २० ते २६ ग्रॅम एवढाच दाब हवा, कारण केशवाहिन्यांमधला रक्तदाब साधारण तेवढाच असतो, त्याच्या वर गेलात की रक्त थांबलं. आज हा आकडा कुणी जसाच्या तसा वापरत नाही, तोंडात प्रत्येक मुळावर नेमका दाब मोजायची सोयच नाही, पण विचार टिकला. हल्ली पुस्तकांत दात नुसता कलता करायचा असेल तर साधारण ३५ ते ६० ग्रॅम, मुळासकट उभाच्या उभा सरकवायचा असेल तर ७० ते १२०, आणि दात हाडात आत दाबायचा असेल तर फक्त १० ते २० ग्रॅम असे आकडे असतात. शेवटचा आकडा बघून मी चक्रावलो होतो, सगळ्यात अवघड वाटणारं काम आणि त्याला सगळ्यात कमी जोर! पण बरोबर आहे, आत दाबताना सगळा भार मुळाच्या इवल्याशा टोकावर येतो.

या सगळ्याची गोळाबेरीज म्हणजे दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो. उपदाढ काढून तिथल्या सात मिलिमीटर जागेत सुळा मागे न्यायचा असेल तर सहा-सात महिने धरूनच चाला. वेग हाड ठरवतं, तारेच्या हातात त्यातलं फार थोडं आहे, आणि गेल्या शंभर वर्षांतलं संशोधन एका वाक्यात सांगायचं तर हाडाला घाई करायला लावण्याचे बहुतेक प्रयत्न फसले, आणि दातावरचा ताबा सुधारण्याचे बरेचसे प्रयत्न जमले.

ताब्याचं आधी सांगतो कारण तिथे खरी मजा आहे. जुन्या स्टीलच्या तारेची अडचण अशी की ती थोडी वाकवून दातात अडकवली की पहिल्या दिवशी जोर भयंकर, आणि दात जरासा सरकला की जोर जवळजवळ संपला. म्हणजे नको तेव्हा जास्त आणि हवा तेव्हा नाही. १९६० च्या आसपास अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या हाताला निकेल आणि टायटॅनियमचा एक विचित्र मिश्रधातू लागला, वाकवला तरी गरम केल्यावर मूळ आकारात परत येणारा. त्याचं नाव निटिनॉल, निकेल, टायटॅनियम आणि त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरं मिळून. शोध लागला संरक्षण खात्याच्या कामातून, आणि १९७० च्या दशकात आयोवा युनिव्हर्सिटीच्या जॉर्ज अँड्रिसन यांनी तो थेट लोकांच्या तोंडात आणला. पुढे ८० च्या दशकात त्याचे सुपरइलॅस्टिक प्रकार आले, ज्यांची खासियत म्हणजे तार खूप वाकलेली असो वा थोडी, ती जवळपास सारख्याच हलक्या जोराने ढकलत राहते, कित्येक आठवडे. लिगामेंटला नेमकं हेच हवं होतं. तुमच्या तोंडात उष्णतेवर चालणारी निकेल-टायटॅनियमची तार असेल तर घरी करून बघा, गार पाणी तोंडात धरा, तार मऊ पडते आणि ताण गेल्यासारखा वाटतो, पाणी गिळल्यावर अर्ध्या-एक मिनिटात परत ओढायला लागते. मला या प्रयोगाचं पहिल्या आठवड्यात व्यसनच लागलं होतं, दुखायला लागलं की गार पाणी.

दुसरा बदल ब्रॅकेटमधे झाला. दातावर चिकटवलेला तो छोटा चौकोन पूर्वी नुसता तार धरायचा खोबणीवाला तुकडा होता, आणि प्रत्येक दात किती कलता, किती आतबाहेर हे डॉक्टर हाताने तार वाकवून ठरवायचे. १९७२ साली अमेरिकेच्या लॉरेन्स अँड्र्यूज यांनी, कधीही ब्रेसेस न लावता ज्यांचे दात मुळातच सुरेख होते अशा १२० जणांचे प्लास्टरचे साचे तपासून चांगल्या चाव्याच्या, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसण्याच्या, सहा खुणा मांडल्या, आणि मग प्रत्येक दाताचा कल ब्रॅकेटच्या खोबणीतच कोरून टाकला. तार सरळ ठेवायची, वाकडेपणाचा हिशोब ब्रॅकेटमधे. आज जवळपास सगळे ब्रॅकेट याच विचाराचे असतात, आणि म्हणून ब्रॅकेट अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चिकटला तर दात पण तसाच चुकीचा जाऊन बसतो, ते चिकटवताना डॉक्टर एवढे डोळे बारीक का करतात हे आता कळलं असेल.

तिसरी गोष्ट म्हणजे आधार. न्यूटनचा तिसरा नियम तोंडातही चुकत नाही हो. पुढचे दात मागे ओढायला मागच्या दाढांना तार बांधली की दाढा पण पुढे यायला बघतात. उपदाढ काढून मिळवलेली सात मिलिमीटर जागा, त्यातली अर्धी दाढांनीच खाल्ली तर पुढे आलेले दात पुढेच राहिले. पूर्वी यासाठी डोक्याला, मानेला पट्टे बांधायचे, आणि शाळकरी मुलं ते घरी घालायची नाहीत आणि डॉक्टरांना घातले म्हणून सांगायची. मग १९८३ मधे क्रीकमोर आणि एकलुंड यांनी नाकाखालच्या हाडात एक स्क्रू बसवून त्याच्या आधाराने वरचे पुढचे दात आत उचलून दाखवले, आणि १९९७ मधे जपानच्या कानोमी यांनी अगदी छोटा स्क्रू वापरला. हेच आजचे मिनी स्क्रू, दीड-दोन मिलिमीटर जाडीचे, हिरडीतून हाडात पिळून बसवलेले. स्क्रूला लिगामेंट नाही, म्हणजे ओढलं तरी तो दातासारखा सरकत नाही, फार तर किंचित कलतो. काम झालं की काढून टाकायचा. सगळेच टिकतात असं नाही, वेगवेगळे अभ्यास एकत्र केल्यावर साधारण १३-१४ टक्के स्क्रू सैल होतात असं दिसलंय, तेव्हा तुमचा एखादा निघाला तर डॉक्टरांचा हात वाईट असं लगेच समजू नका. माझ्या मते गेल्या तीस-चाळीस वर्षांत या क्षेत्रातली सगळ्यात मोठी उडी हीच. मागच्या दाढा वर दाबून पुढचा उघडा राहणारा चावा मिटवणं, जे पूर्वी बऱ्याचदा जबड्याच्या ऑपरेशनशिवाय होत नसे, ते आता काही जणांना स्क्रूवर भागतं.

आता वेगाकडे. इथे आशा खूप आणि हाती लागलेलं थोडं.

हाड मोडलं की आजूबाजूच्या हाडाची उलाढाल काही महिने एकदम वाढते, ही गोष्ट हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी १९८३ मधे नीट मांडली. दातांवर असं आधीच केलं जात होतं, १९५९ साली कोले नावाच्या सर्जनने दातांच्या आसपासच्या हाडावर चिरा पाडून दात पटकन हलवले होते, आणि त्यांची समजूत अशी होती की हाडाचे तुकडेच दातासकट सरकतात. २००१ मधे अमेरिकेतल्या विल्को बंधूंनी सीटी स्कॅन बघून सांगितलं की तुकडे वगैरे काही सरकत नाहीत, जखमेमुळे तिथल्या हाडातले क्षार तात्पुरते कमी होतात, हाड मऊ पडतं आणि दात त्यातून लवकर जातो. कारण सापडलं. पण हिरडी उघडून हाडावर चिरा पाडणं म्हणजे छोटं ऑपरेशनच की, आणि परिणाम टिकतो चारेक महिने. अख्ख्या ट्रीटमेंटमधले किती महिने वाचतात आणि त्यासाठी एवढं सोसायचं का हा प्रश्न उरतोच. म्हणून मग कमी कापाकापीचे उपाय निघाले. त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे हिरडीतूनच हाडात बारीक भोकं पाडणं. २०१३ साली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या टीमने २० जणांवर करून सांगितलं की सुळा २.३ पट वेगाने सरकला. २.३ पट! सगळीकडे बोलबाला झाला, पण मोजमाप २८ दिवसांचं होतं आणि माणसं २०. पुढे इतरांनी जास्त काळजीपूर्वक चाचण्या केल्या तेव्हा काहींना काहीच फरक दिसला नाही आणि काहींना दिसला तो पेशंटला जाणवेल एवढा नव्हता.

कंपनाच्या यंत्राची गोष्ट तर मला फार आवडते. रोज २० मिनिटं दातात धरायचं, ते थरथरतं, आणि म्हणे दात लवकर सरकतात. २०१५ मधे ब्रिटनमधे ८१ तरुण पेशंटचे तीन गट केले. एका गटाला चालू यंत्र, एकाला काहीच नाही, आणि एकाला दिसायला अगदी तसंच पण न थरथरणारं यंत्र. हा तिसरा गट महत्त्वाचा, कारण नवीन मशीन मिळालं की माणूस ब्रश पण नीट करायला लागतो, अपॉइंटमेंटही चुकवत नाही, मग फायदा यंत्राचा की वागणुकीचा हे कळणार कसं? निकाल लागला तेव्हा खालचे दात ओळीत यायला तिन्ही गटांना सारखाच वेळ लागला होता. घर्षण कमी म्हणून वेग जास्त असं सांगून विकल्या गेलेल्या सेल्फ लायगेटिंग, म्हणजे तार स्वतःच्या झाकणाने धरणाऱ्या, ब्रॅकेटचंही तेच झालं, चाचण्यांमधे ट्रीटमेंटचा काळ कमी झाला नाही. लेझरने वेग वाढवण्याबद्दलचे निकाल अजून इकडे-तिकडेच आहेत.

हे अभ्यास वाचताना एक पद्धत सारखी दिसेल, ती समजून घ्या. एकाच माणसाच्या तोंडात उजवीकडे उपाय करायचा, डावीकडे नाही, आणि दोन्ही सुळे किती मागे गेले ते मोजायचं. हुशारीचं आहे, कारण वय, हाड, खाणंपिणं सगळं सारखं, फरक फक्त बाजूचा. पण तीन गोष्टी खटकतात. एक, रसायनं रक्तातून दुसऱ्या बाजूलाही पोचत असतील तर? दुसरं, सुळा भराभर कलला म्हणून मूळ पण सरकलं असं नाही, मग नंतर मूळ सरळ करायला तोच वाचलेला वेळ जातो. आणि तिसरं सगळ्यात मोठं, सुळा मागे नेणं म्हणजे अख्खी ट्रीटमेंट नव्हे. शेवटचे सहा-आठ महिने वरचे-खालचे दात एकमेकांत नीट बसवण्यात जातात आणि तिथे वेगापेक्षा बारकावा लागतो. घाटात गाडी जोरात मारली तरी शेवटी शहरातल्या सिग्नलवर थांबायचंच असतं, तसंच हे.

फिक्स ब्रेसेसच्या ट्रीटमेंटला सरासरी किती वेळ लागतो हे बघणारा २०१६ चा एक आढावा आहे, त्यात उत्तर आलं जेमतेम २० महिने. आणि हा काळ लांबतो कशाने? चुकवलेल्या अपॉइंटमेंट, निघालेले ब्रॅकेट, न लावलेली रबरं. अगदीच बोअर उत्तर आहे, मान्य, पण अभ्यासांमधे हे सारखं सारखं येतं. माझे दोन ब्रॅकेट माझ्याच कर्माने निघाले, एकदा पेनाचं टोपण चावत बसलो होतो. नवीन ब्रॅकेट बसला की त्या दाताला परत बारीक तारेपासून सुरुवात, म्हणजे एक टोपण बरोबर दीड महिन्याला पडलं.

आता चाव्याबद्दल, म्हणजे वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे बसतात त्याबद्दल. १८९९ साली एडवर्ड अँगल यांनी पहिल्या मोठ्या दाढांची गाठ कशी पडते त्यावरून तीन वर्ग केले, आणि ते अजून चालतात. पहिला वर्ग, दाढा बरोबर पण पुढे गर्दी. दुसरा, खालची दाढ मागे, बहुधा खालचा जबडा मागे आणि वरचे दात पुढे. तिसरा, खालचा जबडा पुढे. इथे प्रश्न दाताचा कमी आणि जबड्याचा जास्त असतो, आणि जबडा वाढत्या वयातच वळवता येतो. म्हणून आईबापांना कायम टेन्शन, की आठव्या वर्षी सुरू करायचं की बाराव्या?

दुसऱ्या वर्गासाठी खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी उपकरणं असतात. त्यातलं ट्विन ब्लॉक स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मधे काढलं, वर एक खाली एक असे उतार असलेले दोन ठोकळे, तोंड मिटलं की खालचा जबडा पुढेच यावा असे. याने जबडा वाढतो असं सगळे म्हणायचे. मग ब्रिटन आणि अमेरिकेत मोठ्या चाचण्या झाल्या, मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून, काहींना आठ-दहाव्या वर्षी उपकरण आणि बाकीच्यांना किशोरवयात एकदाच ट्रीटमेंट. शेवटी पंधराव्या वर्षाच्या आसपास दोन्ही गट शेजारी ठेवले तर जबडा, चावा यात सांगण्यासारखा फरक उरला नव्हता, फक्त लवकर सुरू केलेल्यांच्या खेपा जास्त झाल्या होत्या. पुढे आलेल्या दातांमधली बहुतेक सुधारणा दात कलल्यामुळे होती, जबड्याच्या वाढीचा वाटा त्यामानाने लहान. पण एक फायदा पक्का निघाला, लवकर दात आत घेतलेल्या मुलांना पडून-झडून पुढचे दात फुटण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे मूल धडपडं आहे, दात फारच पुढे आहेत, वर्गात चिडवतात, तर लवकर करा, नाहीतर थांबलात तरी काही बिघडत नाही.

तिसऱ्या वर्गात मात्र उलट आहे. ब्रिटनमधेच दहा वर्षांखालच्या मुलांना वरचा जबडा पुढे ओढणारा फेसमास्क लावून पुढे सहा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा तज्ज्ञांच्या पॅनेलला मास्क घातलेल्यांपैकी ३६ टक्के मुलांना जबड्याचं ऑपरेशन लागेल असं वाटलं, न घातलेल्यांत ६६ टक्के. एवढा फरक पडत असेल तर थांबण्यात अर्थ नाही. टाळू रुंद करण्याचंही असंच, टाळूच्या मधला सांधा वयात येईपर्यंत मऊ असतो, नंतर दोन्ही कडा एकमेकांत गुंतून घट्ट होतात. तेव्हा कुणी सरसकट "लवकर करा" किंवा सरसकट "थांबा" म्हणत असेल तर आधी विचारा, वर्ग कुठला.

अलाइनरबद्दल पण सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. १९९७ नंतर ही पारदर्शक कवचं कॉम्प्युटरवर बनायला लागली. एकेक कवच दाताला साधारण पाव मिलिमीटर पुढे ढकलतं, आणि पाव मिलिमीटर म्हटल्यावर लिगामेंटची फट आठवली असेलच, तेवढाच घास हाडाला एका वेळी झेपतो. अडचण अशी की स्क्रीनवर दाखवलेलं सगळं तोंडात उतरत नाही. २००९ च्या एका अभ्यासात ठरवलेल्या हालचालीपैकी सरासरी ४१ टक्के प्रत्यक्षात झाली, २०२० मधे परत मोजलं तेव्हा ५० टक्के. म्हणून मधेच परत स्कॅन करून नवीन कवचं मागवावी लागतात, ती फसवणूक नाही, तो पद्धतीचाच भाग आहे. आणि रोज २०-२२ तास घालायची, हे तासांचं गणित आता वेगळं सांगायला नको.

गोळ्यांचं एक ध्यानात ठेवा. तार टाइट केल्यावर दुखतं ते ज्या प्रोस्टाग्लँडिनमुळे, तेच हाडाला निरोप देणाऱ्यांपैकी एक आहे, म्हणून आयब्युप्रोफेनसारखी गोळी सारखी घेतली तर दाताची चाल मंदावू शकते, प्राण्यांवरच्या प्रयोगांत तसं दिसलंय, त्यामुळे बरेच डॉक्टर पॅरासिटामॉल सांगतात. आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिसफॉस्फोनेट चालू असेल तर तारा लावायच्या आधीच सांगा, ते औषध हाड विरघळवणाऱ्या पेशींनाच गप्प करतं. मुळांची टोकं थोडी झिजणं बऱ्याच जणांना होतं, एक्सरेत दिसतं, जास्त झिजणं थोड्याच जणांत. मधे एकदा एक्सरे काढायला सांगितला तर कुरकुर करू नका.

शेवटी तारा निघतात, आणि इथे बहुतेकांची गत ये रे माझ्या मागल्या होते. सरकलेल्या दाताभोवती लिगामेंटचे तंतू नव्याने जुळायला तीन-चार महिने लागतात, हिरडीतले तंतू चार ते सहा महिने घेतात, आणि दाताच्या मानेभोवतीचे रबरासारखे लवचिक तंतू वर्षभरानंतरही दाताला जुन्या जागी ओढत असतात, विशेषतः गोल फिरवून सरळ केलेल्या दाताला. सिएटलच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या पेशंटना वर्षानुवर्षं परत बोलावून खालचे पुढचे दात मोजले. रिटेनर बंद केल्यावर दहा वर्षांनी जेमतेम ३० टक्के लोकांचे दात ठीकठाक होते, वीस वर्षांनी १० टक्के. आणि कुणाचे बिघडणार हे आधी सांगता येईल अशी एकही खूण त्यांना भरवशाने सापडली नाही. म्हणून आता डॉक्टर जवळपास सगळ्यांनाच सांगतात, रिटेनर जन्मभर.

मी ऐकलं नाही. सुरुवातीचे आठ महिने घातला, मग एका प्रवासात घरी राहिला, परत आल्यावर आज घालू उद्या घालू करत तीन महिने गेले. घातला तेव्हा खालच्या बाजूला बसेचना, एक पटाशीचा दात किंचित तिरका झाला होता, आरशात कुणाला दिसणार नाही एवढाच, पण प्लास्टिकला बरोबर कळलं. आता त्या दातांच्या मागे पातळ तार चिकटवलेली आहे, आणि वरचा रिटेनर रोज रात्री. चढवला की पहिली पाच मिनिटं वरच्या दोन दातांवर दाब जाणवतो, म्हणजे दिवसभरात ते थोडे का होईना निघालेले असतात.